दोरा नसलेली पट्टी

—नाही मिळणार. सांगितलं ना एकदा? बाकीच्या सगळ्या देते, ही एक देणार नाही, आणि तू काउंटरवर कोपर टेकून संध्याकाळपर्यंत उभा राहिलास तरी देणार नाही. आणि कोपर काढ तो, काच आहे खाली. — मला फक्त एवढं सांग, संदीप, ही पट्टी कुणाची? कोण बाई आहे ही? मी काय तिची जमीन लिहून मागतेय? नाव विचारतेय. नाही? बरं. जव्हार ते वांगणी रोज जीपच्या दोन फेऱ्या मारतोस, पाड्यापाड्यावरच्या बायका तुझ्या हातात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या देतात, तू त्या तंबाखूच्या डबीत कोंबून माझ्या दुकानात आणतोस, ‘वहिनी, ह्या ह्या द्या’ एवढे चार शब्द बोलतोस, आणि परतीच्या फेरीला नवीन गोळ्या घेऊन जातोस. सात वर्षं झाली मला लग्न करून या दुकानात येऊन, सात वर्षांत तुझ्या तोंडून पाचवा शब्द ऐकला नाही. पाड्यावर म्हणे तुझी फार पत आहे — संदीपच्या हातात काहीही द्या, तो कुणाला सांगत नाही. व्वा! मोठाच गुण. दगडही कुणाला सांगत नाही.

बघ, बघ हे तुझं पोस्ट ऑफिस. उलटी करते डबी. ही एक पट्टी, हिला तांबडा दोरा. ही दुसरी, हिला हिरव्या बांगडीचा तुकडा. हिला काळा दोरा, दोन गाठी. हिला — हे काय, पोलक्याचं बटण? नाव कुणाचंच नाही. पोरी बारावी झाल्यात रे यांच्यातल्या, मोबाईलवर दिवसभर रील बघतात, आणि स्वतःच्या औषधाला स्वतःचं नाव लावायला यांचे हात मोडतात! कारण काय, तर जव्हारात कळेल. काय कळेल? की वांगणीच्या अमकीला खाज सुटते, तमकीच्या अंगावरून पांढरं जातं. जव्हारातले लोक काय सकाळी उठून तेच मोजत बसलेत? — आता ही तांबडी, ही बीपीची, ही ठीक आहे, ही रोजच लागते, घे. बांगडीवाली, पित्ताची. काळा दोरा, रक्तवाढीची, ही तर आशाताई फुकट देते, तरी इथून मागवायची, कारण आशाताई पाड्यातलीच ना, तिला कळेल! म्हणजे पाड्यातलीला कळायला नको, जव्हारातलीला कळायला नको, आणि सगळं तुला ठाऊक. तू काय तो एकटा विद्वान.

आणि तुझ्या विद्वत्तेचा प्रताप सांगू का? ती माघी आठवते का, तुझ्याच वांगणीची, ठेंगणी, पन्नाशीची? तिच्यासाठी मी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या. आत म्हणजे कुठे, ते मी तुला सांगितलं होतं, अगदी शब्द वापरून सांगितलं होतं — योनीमार्गात ठेवायच्या, झोपताना, सहा दिवस. आणि तू असाच, आत्ता बघतोयस तसा, जमिनीकडे बघत उभा होतास. तिथे जाऊन तू एक अक्षर बोलला नाहीस. पुडी दिलीस आणि जीप वळवलीस. पुढे बाजाराच्या दिवशी बाई स्वतः आली, म्हणते, ‘गोळी लय मोठी बाय, घशात अडकं, मंग भाकरीसंगं गिळली.’ सहाच्या सहा! भाकरीबरोबर! आणि वर मलाच म्हणते, गुण नाय आला. मी हसू की कपाळ बडवू? एवढं वय झालं, चार पोरं झाली, आणि गोळी कुठून घ्यायची ते विचारायची अक्कल नाही. अशी माणसं बघितली ना, की मला इथे डिग्री घेऊन बसल्याची लाज वाटते. नाशिकला कॉलेजात तिसरी आले होते मी. तिसरी! आणि इथे काय करते, तर बांगडीचे तुकडे जुळवते.

नाही, सगळा दोष तुमच्या पाड्याचाच नाही, आमच्या घरातही रत्नं आहेत. मी दुपारी वर जेवायला जाते, तेव्हा गल्ल्यावर सासूबाई बसतात. त्या पट्टीचा रंग बघतात आणि कपाटातल्या रंगाशी लावतात. साडीवर पोलकं जुळवावं तसं. नाव वाचता येतं त्यांना, नाही असं नाही, पण ‘वाचायला काय करायचंय, मला चांगली ओळखू येते ती’. चाळीस वर्षं हेच. आणि सुशील, माझे यजमान, लायसन्स माझ्या नावावर आणि दुकान त्यांच्या नावावर, ते आज माल आणायला नाशिकला, उद्या कुणाच्या साखरपुड्याला. म्हणून मी काय करते, मी स्वतः जी पट्टी देते ना, तिच्या मागे निळ्या पेनाने बारीक गोल काढते. सासूबाईंनी दिलेलीला गोल नाही. उद्या कुणाला काही झालं, आला कुणी भांडत, तर कळलं पाहिजे ना, कुणाच्या हातून गेलं ते. माझ्या हातून नाही गेलं. — आता ही तुझी पट्टी बघ. लाल-पिवळ्या कॅप्सूलची. किती चुरगळलीय! म्हणजे दर वेळी हीच जुनी नमुना म्हणून येते, नवीन गोळ्यांबरोबर परत जाते, कुठेतरी फळीवर खोचून ठेवतात, पुन्हा येते. आत्ता सासूबाईंना विचारलं तर काय म्हणाल्या ऐकलंस ना? ‘हो हो, ओळखीची आहे, मी तीनदा दिली.’ कौतुकाने सांगतात! आणि वर त्या बारीक पांढऱ्या गोळ्या. ‘अंग दुखतं म्हणाला, म्हणून घातल्या.’ अंग दुखतं! त्या पांढऱ्या गोळ्या म्हणजे स्टिरॉइड आहे, संदीप. पावसाळ्यात सगळ्या गावाला अंगदुखीवर चारतात ते. दोन दिवसांत माणूस टुणटुणीत, म्हणून सासूबाईंचा हातगुण मोठा.

आणि आज तू नवीन काय म्हणालास? ‘मलम पन द्या. खाजेचं.’ बघ, किती बोललास आज. आणि मी मलम काढायला वळले तर पाठीमागून म्हणतोस, ‘ताप पन हाय.’ पाठीला सांगतोस, तोंडाला सांगत नाहीस! — हे बघ, आपण असं करू. नाव नको सांगूस. तुझी ती पत राहू दे डबीत. मी विचारते, तू नुसती मान हलव. मान हलवायला तर कुणी बंदी नाही ना घातली? बाई तरुण आहे? हं. लग्न झालेली? अर्थात. ताप कधीपासून, काल? परवा? परवापासून. आणि गोळ्या घेतेय तरी ताप? हं. — आता नीट ऐक, आणि जमिनीकडे बघू नकोस, जमिनीला काही विचारत नाहीये मी. दिवस गेलेत का तिला? … संदीप. मी विचारलं, दिवस गेलेत? … हलली. हलली मान. कितवा महिना? बोटं दाखव. पाच. — पाच. आणि ही लाल-पिवळी चौथ्यांदा मागवतेय. आणि पांढरी. आणि तू म्हणतोस, मलम द्या.

तुला काय वाटतं रे, मी उगाच अडवून धरलीय? तुला काय कळणार, पण सांगते, कारण कुणीच सांगत नाही. बाईच्या तिथे, आत, हो, तिथेच, खाली बघायचं काम नाही — तिथे चांगले जंतू असतात. दह्यात असतात ना, त्यांच्या जातीचे. ते तिथे आंबटपणा धरून ठेवतात, त्या आंबटात वाईट जंतूंना जगताच येत नाही. तुमच्या नागलीच्या शेतात रानडुकरं येऊ नयेत म्हणून कुणीतरी राखणीला बसतो की नाही? तसे ते राखणीला बसलेले. आता पायाला जखम झाली, दात सुजला, खोकला झाला, म्हणून तुम्ही ही लाल-पिवळी घेतली. जखमेतले जंतू मेले, बरोबर, पण ती गोळी काही निवडून मारत नाही, तिला काय माहीत हा जखमेतला आणि हा राखणीचा? राखणीचेही मेले. मग तिथे बुरशी माजते. खाज, आग, दह्यासारखं पांढरं जाणं. मग बाई काय करते? म्हणते, मागे त्या गोळीने पाय बरा झाला, हेही होईल. पुन्हा तीच घेते! ज्या गोळीने राखण मारली, तीच पुन्हा. उरलेसुरलेही मेले, आता बुरशीच्या जोडीला दुसरेही शिरले. आणि त्यात आमच्या सासूबाईंची पांढरी. रक्तातून जी कुमक यायची जंतूंशी झगडायला, तिला ती गोळी झोपवते. सूज नाही, दुखत नाही, ताप झाकलेला, बाईला वाटतं चांगलं चाललंय, आणि आत सगळं उघडं पडलेलं. झाकूनसुद्धा ताप वर आला ना, की समजावं, बरंच आत गेलंय. आणि पोटात पाच महिन्यांचं असताना ते वर चढलं, पिशवीच्या तोंडापर्यंत गेलं, तर — तर काय होतं ते मला पुस्तकातून सांगायला नको.

काय बघतोस? आता बरं वर बघितलंस. — मला ठाऊक आहे. मी काही वांगणीची नाही, दोरा बांधून पट्टी पाठवणारी नाही, पण मला ठाऊक आहे. तुला सांगायला हरकत काय, तू भिंत आहेस, आणि सासूबाई आत गेल्यात. तीन वर्षांमागे मला पावसात खोकला धरला. सुशील म्हणाले, घे अँटिबायोटिक, दुकान घरचंच आहे. घेतलं. खोकला थांबला नाही, दुसरं घेतलं. तेही जास्त भारी. आणि मग तेच झालं, जे आत्ता तुला सांगितलं. आणि मला कळत होतं, संदीप! काय झालंय, कशाने झालंय, सगळं कळत होतं, परीक्षेत लिहून आले होते. डॉक्टरकडे जायचं, दोन मिनिटांचं काम. पण जव्हारात डॉक्टर म्हणजे सुशीलचा मित्र, त्याचा कंपाउंडर आमच्या दुकानात चहाला येतो, आणि त्याच्यापुढे मी सांगू की मला तिथे खाज सुटते? मेडिकलवाल्याची बायको? दुसऱ्या दिवशी गांधी चौकापर्यंत — असं मला वाटलं. काही झालं नसतं, पण वाटलं. मग मी ह्या, ह्याच कपाटातून, सगळे वर जेवायला गेले असताना, ती मिश्र मलमाची ट्यूब घेतली, तीन औषधं एकात आणि त्यात स्टिरॉइड. जी मी गिऱ्हाइकांना देताना नाक मुरडते, ती. दोन दिवसांत खाज गेली. मला काय आनंद! कुणाला कळलं नाही. मग परत आली, परत लावली. ट्यूब संपली की रिकामी ट्यूब कागदात गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी नेमकी तीच घेता येईल. नमुना म्हणून. — हसलास? नाही हसलास. बरं केलंस.

त्यातच मला दिवस गेले. चार वर्षं वाट बघत होतो. सासूबाईंनी देवीला साडी नेसवली. मी कुणाला म्हटलं नाही की अंगावरून जातंय, वास येतोय. म्हटलं, असतं असं. पाचवा लागला, आणि एका सकाळी इथेच, ह्या स्टुलावर बसले होते, बिल करत होते, आणि एकदम ओलं झालं. नाशिकला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगा होता. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, नक्की कशाने झालं हे छातीठोक सांगता येत नाही, पण जंतुसंसर्ग खूप होता, आणि बऱ्याच दिवसांचा होता. तुम्ही काही घेत होतात का? मी म्हटलं, मलम लावत होते. म्हणाल्या, कुणी दिलं? — आणि सुशील शेजारी उभे. सासूबाई दारात. — मी म्हटलं, गावाकडची एक बाई आहे, माघी म्हणून, तिने आणून दिलं. का माघी? काही नाही, तोंडात ते नाव आलं. बिचारी तेव्हा नागली पेरत असेल नाहीतर लावत असेल, तिला काय माहीत, नाशिकच्या दवाखान्यात तिचं नाव निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘तुम्ही फार्मसी शिकलेल्या, आणि अशा अडाणी बायकांचं ऐकता?’ आणि मी मान हलवली. हो म्हटलं. चुकलं म्हटलं. सासूबाई अजून माघीला दुकानाच्या पायरीवर उभं करत नाहीत. आणि मी — मी तिच्या गिळलेल्या गोळ्यांची गोष्ट सगळ्यांना सांगते. तुला आत्ता सांगितली ना, तशी. लोक हसतात.

— बास. हे मी तुला का सांगतेय? तू विचारलंस का? नाही विचारलंस. तू काही विचारत नाहीस, तेच तर तुझं. डबी बंद कर. बाकीच्या तुझ्या सात, मोजून घे. आणि ही मी ठेवून घेते, आणि त्या बाईला सांग, जिची कुणाची असेल तिला, की सोनल वहिनी म्हणाली, मेडिकल बंद, दवाखाना गाठ, आजच्या आज. पांढरी मनाने अचानक बंदही करायची नाही, डॉक्टर सांगेल कशी सोडायची. सांगशील ना? दोरा कुठला हिचा? म्हणजे मी खुणेची चिठ्ठी तरी — दोरा पडला वाटतं. डबीत आहे का बघ सुटलेला. नाही. एक, दोन, तीन… सात पट्ट्या, सात खुणा. हिचीच खूण नाही. ही डबीतून निघालीच नव्हती ना रे? ही तू खिशातून काढलीस. शर्टाच्या खिशातून, मागाहून, सगळ्या झाल्यावर. — हिला दोरा का नाही, संदीप?

बोल. सगळ्यांच्या तुला खुणेने ओळखाव्या लागतात. हिला खूण लागत नाही. घरच्या पट्टीला कोण कशाला दोरा बांधेल? — आणि जीपमध्ये पुढे ती कोण बसलीय? मघाशी सासूबाईंकडून पाणी मागून घेतलं, ती? भर दुपारी काच लावून, शाल गुंडाळून? मी म्हटलं असेल कुणी पॅसेंजर. — थांब, पट्टी उलटी करू दे. … गोल आहे. निळा. सासूबाईंनी तीनदा दिली, पण त्याआधी पहिली — कापणीच्या दिवसांत. तू आला होतास. म्हणालास, ‘विळा लागलाय पायाला.’ कुणाच्या पायाला ते तू सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. गर्दी होती, बाजार होता, मी पट्टी टाकली, गोल काढला, पुढचं गिऱ्हाईक. बाई आहे की बाप्या, पोटुशी आहे की काय, एक शब्द नाही विचारला. कॉलेजात तिसरी आलेली मी! तुला दगड म्हणतेय मघापासून — राहू दे. सरक. बाहेर येऊ दे मला. सासूबाई, जरा गल्ल्यावर बसा, आणि कुणालाही काही देऊ नका. काही म्हणजे काही नाही! रंग जुळला तरी नाही!

— काच खाली कर गं. घाबरू नको, मी दुकानातली. नाव काय तुझं? मोठ्याने. योगिता. बघ, आलं की नाव सांगता, यात काय अवघड होतं! कपाळ दे बघू. … अरे देवा. — तू तिकडे तोंड कर, संदीप, किंवा कर इकडेच, नवराच आहेस, ऐक. योगिता, मी विचारते त्याला बोलून उत्तर द्यायचं, मान नाही हलवायची, आज मानांनी माझं डोकं उठवलंय. खाली ओलं होतंय का? कपडा भिजतो? कधीपासून? … सकाळपासून. वास? … हं. बाळ हलतं का? आज हललं? कधी, घाटात? घाटात हललं. बरं. बरं आहे. रडायचं नाही. तुझं काही चुकलं नाही, ऐकलंस? काही चुकलं नाही. पाय वर घे सीटवर, असे, ही शाल खाली घाल.

आणि तू काय उभा आहेस किल्ली हातात घेऊन? स्टँडला जायचं नाही, पॅसेंजर भरायचे नाहीत, वर सरकारी दवाखान्यात न्यायची, सरळ, खड्डे बघून. मी तिथल्या सिस्टरना फोन करून ठेवते. तिथून पुढे नाशिकला पाठवतील तर जायचं, घरी विचारून सांगतो म्हणायचं नाही. ही लाल-पिवळी पट्टी घे, पांढरीचं नाव मी तिच्यावरच लिहिलंय, डॉक्टरांपुढे ठेव, लपवायची नाही. डबी राहील माझ्याकडे. ज्या बायकांच्या गोळ्या आहेत त्यांना म्हणावं, या, स्वतः या, मी दुपारची जेवायला वर जाणार नाही. माघीलाही म्हणावं ये. — आणि हे बघ. तिथे विचारतील, गोळ्या कुणी दिल्या? पहिला प्रश्न तोच असतो. तेव्हा असा जमिनीकडे बघत बसलास ना, तर बघ. सांगायचं, मेडिकलवाल्या सोनलने दिल्या. कुणा गावाकडच्या बाईने नाही, सासूबाईंनी नाही, पहिली सोनलने दिली, मागे निळा गोल आहे. म्हण एकदा माझ्यापुढे. … मोठ्याने. … हं. आलं की तोंडातून. आता हो चालता.